गॅस फर्नेस सुरू होत नाहीये, छोटा पंखा फिरतो पण जाळ लागत नाही

शेवगाठी | १४ जानेवारी, रात्री ८.४२

कोलंबस, ओहायो. टाउनहाउस आहे, बेसमेंट नाही. फर्नेस जिन्याखालच्या कपाटात, गॅरेजच्या भिंतीला लागून. नॅचरल गॅस, ९५ टक्के कार्यक्षमतेची, १२ वर्षं जुनी. बाहेर उणे ४ फॅरनहाइट, घरात ५९ आणि हळूहळू उतरतंय.

थर्मोस्टॅट ७० वर नेला की आतला छोटा पंखा सुरू होतो, मिनिटभर घोंघावतो आणि थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जाळ लागत नाही, मोठा ब्लोअर सुरू होत नाही. ब्रेकर बघितला, ठीक आहे. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या नवीन घातल्या. मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. मेकॅनिक उद्या दुपारी २ नंतर म्हणतोय. तोवर काय काय तपासू?

तात्या_टॉर्च | रात्री ८.५१

आधी दोन गोष्टी. गॅसचा वास येतोय का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का? वास असेल तर पुढचं काही वाचू नका. दिव्याचं बटणसुद्धा न दाबता सगळे बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला किंवा ९११ ला फोन करा.

वास नसेल तर फर्नेसच्या खालच्या पत्र्याच्या दाराला रुपयाएवढं गोल भिंग असतं, त्यातून बोर्डावरचा दिवा दिसतो. तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. पॉवर बंद करण्याआधी मोजा, कारण बरेच बोर्ड पॉवर गेली की कोड विसरतात. पुष्कळ जण पहिलं काम हेच करतात, स्विच बंद-चालू, आणि फर्नेसने सांगितलेलं एकुलतं एक वाक्य पुसून टाकतात.

शेवगाठी | रात्री ८.५८

वास नाही. अलार्म आहे, बटण दाबून बघितला, वाजतो. लाल दिवा ३ वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा ३.

तात्या_टॉर्च | रात्री ९.१५

३ म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या फर्नेसमध्ये प्रेशर स्विच, धूर बाहेर ओढला जातोय का ते बघणारा. पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हेत. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचा. इंटरनेटवर दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघून पार्ट मागवणारे खूप आहेत.

तुमच्यासाठी आणि नंतर येणाऱ्यांसाठी फर्नेसचा क्रम एकदा लिहून ठेवतो. फर्नेस जिना चढल्यासारखी चालू होते, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाय ठेवत नाही. कुठल्या पायरीवर थांबली ते कान देऊन ऐकलं की निम्मं काम झालं.

थर्मोस्टॅट आर आणि डब्ल्यू या दोन वायरी जोडतो, बोर्डाला २४ व्होल्टचा निरोप जातो. बोर्ड आधी लिमिट (आतली हवा फार तापली की उघडणारा) आणि रोलआउट (जाळ उलटा बाहेर आला की उडणारा) स्विचची साखळी मिटलेली, म्हणजे जोडलेली, आहे ना ते बघतो आणि प्रेशर स्विच उघडा आहे ना तेही. (इंड्यूसर बंद असताना तो मिटलेला सापडला तर चिकटला असं समजून बोर्ड पुढे जात नाही.) मग इंड्यूसर, म्हणजे तुम्ही म्हणताय तो छोटा पंखा, फिरायला लागतो. त्याने ओढ निर्माण झाली की प्रेशर स्विच टक् करून मिटतो. १५ ते ३० सेकंद आतली जुनी हवा बाहेर काढली जाते. मग इग्नायटर १५-२० सेकंद तापतो, नारिंगी-पिवळा दिसतो. मग गॅस व्हॉल्व्हचा खटका आणि भस्सकन जाळ. ४ ते ७ सेकंदांत फ्लेम सेन्सरने 'जाळ दिसला' म्हटलं नाही तर गॅस बंद. म्हटलं तर ३० ते ४५ सेकंदांनी मोठा ब्लोअर.

तुमचं यंत्र इंड्यूसरच्या पायरीवरून पुढे जात नाही. म्हणजे थर्मोस्टॅट, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, दाराचा स्विच हे सगळे सुटले. इग्नायटर आणि गॅस व्हॉल्व्हपर्यंत अजून पाळीच आलेली नाही, त्यांच्याकडे आज बघूसुद्धा नका.

झटपट_झेंडे | रात्री ९.२२

प्रेशर स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा, फर्नेस चालू होईल. उद्या मेकॅनिक येईपर्यंत घर तरी गरम राहील.

बर्फाळ_बाळू | रात्री ९.२६

नाही. झेंडे, हे कृपया खोडा.

तो स्विच धूर बाहेर जातोय की नाही यावर राखण करतो. तो मिटत नाही याची दोन कारणं संभवतात. स्विच बिघडलाय, किंवा स्विच बरोबर आहे आणि धुराची वाट खरोखरच अडलीये. दुसरं कारण जास्त वेळा निघतं. अशा वेळी वायरी जोडल्या तर अडलेल्या वाटेवर रात्रभर गॅस जळणार, हवा अपुरी, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होणार. त्याला वास नाही. माणसं झोपेतच जातात. शिवाय अनेक बोर्डांना ही चलाखी कळते: इंड्यूसर थांबला तरी स्विच मिटलेला दिसला की बोर्ड दुसरा कोड देऊन बसतो.

झटपट_झेंडे | रात्री ९.३१

खोडलं असतं, पण उत्तर आलंय त्यामुळे राहू देतो. लोकांना कळेल का करायचं नाही ते.

बर्फाळ_बाळू | रात्री ९.४०

शेवगाठी, आता कामाचं.

सगळ्यात आधी घराबाहेर जा. ९५ टक्केवाल्या फर्नेसचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून किंवा छतातून बाहेर आलेले असतात, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर टाकणारा. तोंडाशी बर्फ, पालापाचोळा, पक्ष्याचं घरटं, किंवा धुराच्या वाफेचंच गोठलेलं बर्फ साचलंय का बघा. अशा थंडीत धुराच्या पाइपाच्या तोंडाला दाढीसारखे बर्फाचे सुळके लटकतात आणि शेजारच्या हवेच्या पाइपावरही थर धरतात. हाताने मोडा, कोमट पाणी ओता. हातोडा मारू नका, उणे तापमानात पीव्हीसी काचेसारखं तडकतं.

पाइप मोकळे असतील तर प्रेशर स्विचची नळी. स्विच म्हणजे बशीएवढी प्लास्टिकची किंवा पत्र्याची चकती, दोन वायरी आणि एक-दोन रबरी नळ्या लावलेली. पॉवर बंद करून नळी दोन्ही टोकांनी काढा. चिरलेली आहे का, आत पाणी आहे का? ती ज्या बारीक नळकांड्यावर बसते त्याचं भोक बघा, गंज आणि राखेने बुजतं. कागदाची क्लिप सरळ करून हलकेच फिरवा. तोंडाने फुंकायची असेल तर नळी स्विचवरून काढल्यानंतरच. स्विचमध्ये फुंकर मारली तर आतला पडदा फाटतो. तो पाण्याच्या स्तंभाच्या इंचाच्या अंशांत मोजायच्या दाबावर चालतो, तुमच्या गालातला जोर त्याच्या कितीतरी पट असतो.

शेवगाठी | रात्री १०.१८

बाहेरचे दोन्ही पाइप मोकळे. थोडा बर्फ होता, काढला, फरक नाही.

नळी काढली. फर्नेसकडच्या टोकातून चमचाभर पाणी पडलं. पुसून परत लावली, सुरू केली. एक मिनिट बरी वाटली (टक् ऐकू आलं!), इग्नायटर नारिंगी झाला, आणि मग सगळं बंद. परत ३ वेळा दिवा. आतून गुळण्या केल्यासारखा आवाज येतोय.

मीटरवाली | रात्री १०.२५

त्या गुळण्यांतच उत्तर आहे. पाणी तुंबलंय.

बर्फाळ_बाळू | रात्री १०.३७

बरोबर. कारण असं. गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. ८० टक्केवाली फर्नेस ती वाफ गरम धुरातून चिमणीत सोडून देते. ९० च्या वरची फर्नेस धूर इतका थंड करते की वाफेचं आतच पाणी होतं, आणि त्या वेळी सुटणारी उष्णता घराला मिळते. जास्तीचे टक्के येतात ते यातूनच. हे पाणी कुठेतरी जायला हवं. ते खालच्या पेटीत गोळा होतं, तिथून ट्रॅपमध्ये (काळं किंवा पारदर्शक प्लास्टिकचं, आत यू आकाराची वाट), तिथून ड्रेनच्या पाइपात. पुढे वाट अडली की पाणी पेटीत मागे चढतं, नळीचं भोक बुडतं, स्विचला ओढ कळेनाशी होते. स्विच बिचारा खरंच सांगतोय.

प्रश्न एवढाच की तुमचं ड्रेन कुठे जातं?

शेवगाठी | रात्री १०.४४

अर्धा इंची का पाऊण इंची पांढरा पाइप भिंतीतून गॅरेजमध्ये जातो आणि गॅरेजच्या भिंतीकडेने बाहेर.

गॅरेजमध्ये हीटिंग नाही. आता लक्षात आलं.

बर्फाळ_बाळू | रात्री १०.५८

मग गॅरेजमध्ये ती कुल्फी झालेली आहे.

आज रात्रीपुरतं असं करा.

थर्मोस्टॅट ऑफ, फर्नेसचा स्विच बंद, गॅसचा कॉक बंद (दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद). ट्रॅपच्या खालून ड्रेन जिथे बाहेर पडतो तिथे क्लॅम्पवाली नळी किंवा युनियन (फिरवून सुटणारा जोड) असेल. खाली टॉवेल आणि ५ गॅलनची प्लास्टिकची बादली ठेवून ते सोडवा. एक-दोन लिटर पाणी भसकन येईल, तयारी ठेवा. हे पाणी आंबट असतं, पीएच साधारण ३ ते ५. लोखंडी किंवा पितळी भांडं नको, आणि गॅरेजच्या काँक्रीटवर ओतू नका.

ट्रॅप सुटत असेल तर काढून कोमट पाण्याने धुवा. आत करडा-पांढरा चिकट साका निघेल. ब्लीच वापरू नका, क्लोरीन आतल्या स्टेनलेसच्या हीट एक्स्चेंजरला (धुराची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला) खातं. (फर्नेसच्या कपाटात ब्लीचची बाटली, रंगाचे डबे ठेवू नयेत तेही याचसाठी. त्यांची वाफ जळणाच्या हवेबरोबर आत जाते.)

ट्रॅप परत बसवताना त्यात कपभर पाणी भरा. हे बरेच जण विसरतात. कोरडा ट्रॅप म्हणजे उघडं भोक. इंड्यूसर धुराऐवजी तिथूनच हवा ओढत बसतो, वरचं पाणी खाली येत नाही आणि तुमच्या गुळण्या पुन्हा सुरू.

पुढचा गोठलेला पाइप जोडूच नका. ट्रॅपमधून येणारी नळी बादलीत सोडा. रात्रभरात एक-दोन गॅलन पाणी जमेल, झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकदा बघा.

गॅरेजमधला पाइप वितळवायचा असेल तर हेअर ड्रायर सतत हलवत. टॉर्च नको, उकळतं पाणी नको. पीव्हीसी १४० फॅरनहाइटच्या वर मऊ पडतं.

निमूट_वाचक | रात्री ११.०३

अवांतर. आमच्याकडे दिवाच लागत नाही. थर्मोस्टॅटची स्क्रीनही काळी. हाच धागा वापरू का नवीन काढू?

मीटरवाली | रात्री ११.२०

इथेच लिहिते, पुढे शोधणाऱ्याला एकत्र सापडेल. तुमची फर्नेस जिन्याच्या पहिल्या पायरीआधीच अडली आहे.

फर्नेसच्या बाजूला दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो. हीटर किंवा सामान हलवताना कोणीतरी तो दिवा समजून बंद करतं. हे सगळ्यात आधी. मग ब्रेकर: पूर्ण बंद करून मग चालू, कारण अर्धवट पडलेला ब्रेकर चालू दिसतो. मग दार. खालचा पत्रा नीट बसला नाही तर त्यामागचा स्विच दबत नाही आणि सगळं मेलेलं राहतं. फिल्टर बदलल्यानंतर लगेच फर्नेस बंद पडली तर नव्वद टक्के हेच.

एवढं बरोबर असेल तर बोर्डावरचा फ्यूज. गाडीत असतो तसाच पात्याचा, बहुतेक ठिकाणी ३ अँपिअर (जांभळा) किंवा ५ (फिकट तपकिरी). आतली तार तुटलेली डोळ्यांनी दिसते. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला, जास्तीचा नको. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर साधारण ४० व्हीएचा असतो, मोठा फ्यूज घातला तर फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जळतो.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायरी चिकटल्या आहेत. पॉवर बंद करून बोर्डावरच्या आर, डब्ल्यू, वाय, जी या वायरी सुट्या करा, फ्यूज घाला. टिकला तर एकेक जोडत जा. जी जोडल्यावर उडेल ती दोषी. बहुतेक वेळा वाय निघते, कारण ती बाहेरच्या एसीच्या डब्याकडे जाते आणि तिथे खारी कुरतडतात किंवा गवत कापायच्या यंत्राची दोरी लागते. थंडीत एसी लागत नाही, तेव्हा वाय सुटी ठेवून हीटिंग चालवता येतं.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर सोपी परीक्षा. पॉवर बंद, बोर्डावरून आर आणि डब्ल्यूच्या बाहेरून आलेल्या वायरी काढा, बोर्डावरच आर-डब्ल्यूमध्ये छोटा तुकडा जोडा, दार लावून पॉवर चालू. फर्नेस पेटली तर फर्नेस चांगली आहे, दोष थर्मोस्टॅटमध्ये नाहीतर भिंतीतल्या वायरीत. हे फक्त परीक्षेपुरतं. तसंच ठेवलं तर फर्नेस थांबणारच नाही. स्वतःची डिजिटल भाषा बोलणारे थर्मोस्टॅट असतात, त्या फर्नेसना ही परीक्षा लागू नाही.

निमूट_वाचक | रात्री ११.३४

दार. दारच होतं. आभार आणि क्षमस्व.

मीटरवाली | रात्री ११.३५

क्षमा कसली.

शेवगाठी | रात्री ११.४९

ट्रॅप उघडला. जवळजवळ दोन लिटर पाणी आलं, आणि साका म्हणताय तो जिलेटिनसारखा. धुतला, कपभर पाणी घालून बसवला, नळी बादलीत सोडली.

आता इंड्यूसर, टक्, इग्नायटर, गॅसचा खटका, चारही बर्नर पेटतात. निळा जाळ दिसतो. आणि ४ सेकंदांत विझतो! तीन-चार वेळा असं करून आता गप्प बसली आहे. दिव्याचा कोड बदलला.

तात्या_टॉर्च | रात्री ११.५३

शाबास, चार पायऱ्या वर आलात. आता फ्लेम सेन्सर. गप्प बसली ते लॉकआउट. साधारण एक ते तीन तासांनी स्वतःहून पुन्हा प्रयत्न करते, किंवा पॉवर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केली की लगेच. मात्र हे लॉकआउट पुन्हापुन्हा उठवत बसू नका, प्रत्येक खेपेला थोडा न जळलेला गॅस आत जातो.

मीटरवाली | मध्यरात्र १२.०८

फ्लेम सेन्सर ही पेन्सिलीच्या शिशाहून थोडी जाड धातूची सळई, मुळाशी पांढरं चिनी मातीचं बूड, एकच वायर. इग्नायटरच्या विरुद्ध टोकाच्या बर्नरच्या तोंडाशी असते. इग्नायटरला दोन वायरी असतात, त्यावरून ओळखा आणि त्याला बोटही लावू नका. ठिसूळ असतो, आणि बोटाचं तेल लागलं की तिथेच जास्त तापून तडकतो.

सेन्सर उष्णता मोजत नाही हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बोर्ड सळईला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारं, व्होल्टेज देतो. जाळातून वीज थोडी वाहते. सळई छोटी, समोरचा बर्नरचा पत्रा मोठा आणि अर्थ केलेला, त्यामुळे करंट एका दिशेने जास्त वाहतो. एसीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, होतो. तो डीसी करंट काही मायक्रोअँपिअर असतो आणि बोर्ड तेवढ्यावरच ठरवतो की जाळ आहे. सळईवर सिलिकाचा आणि ऑक्साइडचा पातळ थर बसला की करंट घटतो. जाळ डोळ्यांसमोर जळतोय, पण बोर्डाला आंधळं केलंय.

पॉवर आणि गॅस बंद. पाव इंची नट ड्रायव्हरने एकच स्क्रू काढा, सळई सरळ ओढून घ्या, वाकवू नका. बारीक स्टील वूल किंवा भांड्यांच्या हिरव्या स्क्रबरचा कोरडा, नवा तुकडा घेऊन धातू चकचकीत होईपर्यंत घासा. दोन मिनिटांचं काम. जाड सँडपेपरने ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्यांतच लवकर धरतो. कोरड्या कागदाने पुसा. चिनी मातीच्या बुडाला चीर असेल तर घासून उपयोग नाही, नवीन घ्या. २०-२५ डॉलरच्या आसपास मिळते.

तुमच्याकडे मीटर आहे म्हणून: डीसी मायक्रोअँपिअरवर लावा, सेन्सरची वायर काढून मीटर मध्ये, एक टोक वायरला, एक सळईला. घासण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा आकडा घ्या. २ ते ६ च्या दरम्यान उत्तम. १ च्या खाली गेला की आज चालली तरी महिन्याभरात दगा देणार. अर्ध्याच्या आसपास बहुतेक बोर्ड हात वर करतात.

शेवगाठी | मध्यरात्र १२.५१

आधी ०.४. घासल्यावर १.१.

चालू झाली! ब्लोअरही आला. पण १.१ कमी नाही का?

मीटरवाली | मध्यरात्र १२.५९

कमी आहे. सळई चकचकीत असूनही आकडा वर येत नसेल तर परतीची वाट बघा, म्हणजे अर्थिंग. बर्नरची पट्टी ज्या स्क्रूंनी बसवली आहे तिथला गंज, आणि बोर्डाची हिरवी वायर पत्र्याला जिथे जोडली आहे तो स्क्रू. सोडवून, खाली घासून, परत घट्ट करा. मग पॉवर चालू असताना, सांभाळून: फेज ते न्यूट्रल १२० एसी, फेज ते अर्थ १२०, न्यूट्रल ते अर्थ शून्याजवळ. फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तरी इंड्यूसर आणि ब्लोअर मजेत चालतात, फक्त जाळ ओळखला जात नाही, आणि माणसं एकामागून एक सेन्सर बदलत राहतात.

दार उघडं ठेवून तपासायला दाराचा स्विच दाबून धरावा लागतो. तेव्हा आत १२० व्होल्ट उघडे असतात. झोप येत असेल तर हे सकाळी करा.

पेठेतला_पाहुणा | मध्यरात्र १.१०

इथे सकाळ आहे, चहासोबत वाचतोय. फर्नेस कधी पाहिली नाही, पण गॅस गीझरची जात हीच दिसते. तिथे पाण्याच्या दाबाने पडदा ढकलला जातो, त्याने मायक्रोस्विच लागतो, मग ठिणगी. टाकी खाली आली आणि दाब पडला की लोक गीझरचे सेल बदलत बसतात. आणि बंद बाथरूममधला गीझर म्हणजे वरती बाळूंनी लिहिलेलाच धोका, फक्त तिथे राखणीला प्रेशर स्विचही नाही.

बर्फाळ_बाळू | मध्यरात्र १.२४

अगदी. आणि याच संदर्भात: फर्नेस बंद असलेल्या रात्री ऊब म्हणून गॅसचा ओव्हन उघडून ठेवणं, कोळशाची शेगडी किंवा ग्रिल आत आणणं, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसणं, यातलं काहीही नको. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्ससमध्ये वीज गेली तेव्हा असंच करून माणसं दगावली. विजेचा हीटर चालेल, पडद्यापासून आणि पांघरुणापासून ३ फूट लांब, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शनच्या पट्टीत नाही. घर ५० च्या खाली जायला लागलं तर बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा आणि सिंकखालची कपाटं उघडी.

आणखी एक जिन्नस सांगायचा राहिला. बर्नरच्या वर किंवा बाजूला मधोमध लाल बटण असलेले छोटे गोल स्विच असतात, ते रोलआउट. जाळ उलटा बाहेर आला तर ते उडतात. ते उडालेले सापडले तर बटण दाबून पुढे जायचं नाही. धुराची वाट अडलेली किंवा हीट एक्स्चेंजर तडकलेला असू शकतो. तिथे घरच्या माणसाचं काम संपलं. गॅसचा दाब (नॅचरल गॅसला बर्नरकडे बहुधा पाण्याच्या स्तंभाचे ३.५ इंच, प्रोपेनला १०) जुळवणं हेही मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, असलेल्या माणसाचंच. मॅसॅच्युसेट्समध्ये किंवा आमच्या ओंटारिओत तर परवान्याशिवाय गॅसच्या जोडणीला हात लावणं कायद्यातच बसत नाही.

शेवगाठी | १५ जानेवारी, सकाळी ७.३५

रात्रभर चालली. घर ६८. बादलीत दीड गॅलनच्या आसपास पाणी.

सकाळी बर्नरच्या पट्टीचे स्क्रू आणि हिरव्या वायरीचा स्क्रू घासून लावले. आकडा २.९.

आता एकच गोष्ट खटकते. आठ-दहा मिनिटं चालून जाळ बंद होतो, ब्लोअर चालू राहतो, मग दोन मिनिटांनी जाळ पुन्हा. थर्मोस्टॅटवर अजून हीटिंगचीच खूण असते.

तात्या_टॉर्च | सकाळी ७.५०

लिमिट स्विच. आतली हवा फार तापतेय, म्हणजे ब्लोअरला हवा पुरेशी मिळत नाही. फिल्टर कोणता आहे?

शेवगाठी | सकाळी ७.५४

१६x२५x१ इंच, मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा). ऑक्टोबरमध्ये घातलेला. आता काढून बघितला, राखाडी गालिचा झालाय.

तात्या_टॉर्च | सकाळी ८.०७

एक इंची जाडीत मर्व्ह १३ नवा असतानाच बऱ्याच फर्नेसना जड जातो, तीन महिन्यांनी तर विचारायलाच नको. सध्या मर्व्ह ८ घाला. बाणाची दिशा ब्लोअरकडे. १३ हवाच असेल तर चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्यावी लागते, जाळीचं क्षेत्रफळ वाढतं. न वापरायच्या खोल्यांचे झरोके बंद केले असतील तर तेही उघडा, त्यातून पैसे वाचत नाहीत.

मग मोजा. फर्नेसच्या पत्र्यावर 'तापमान वाढ' असा एक पल्ला छापलेला असतो, साधारण ३५ ते ६५ असा काहीतरी. दहा मिनिटं चालल्यावर परतीच्या हवेचं तापमान आणि फर्नेसमधून निघणाऱ्या हवेचं, स्वयंपाकाचा थर्मामीटर चालेल. पुरवठ्याच्या डक्टमध्ये दोन फूट पुढे मोजा, थेट जाळाच्या माथ्यावर नको. फरक पल्ल्याच्या मधोमध यायला हवा.

शेवगाठी | सकाळी ९.४२

मर्व्ह ८ घातला. परत ६७, निघणारी १२१. पत्र्यावर ४० ते ७० लिहिलंय. मध्ये बंद पडणं थांबलं.

मेकॅनिकला रद्द करू का?

बर्फाळ_बाळू | सकाळी ९.५५

नका करू. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र त्याच्याकडे असतं, तुमच्याकडे नाही. १२ वर्षांच्या फर्नेसला, तेही पाणी तुंबून गेल्यावर, ते एकदा मोजून घ्या. हीट एक्स्चेंजर आणि गॅसचा दाबही बघायला सांगा. प्रेशर स्विच बदलायलाच हवा म्हणाला तर विचारा की मॅनोमीटरवर ओढ किती आली आणि स्विचवर छापलेला आकडा किती. ओढ छापील आकड्यापेक्षा चांगली जास्त असूनही स्विच मिटत नसेल तरच तो खराब. तुमचा पाणी काढल्यावर लगेच मिटलाय, तेव्हा बहुतेक धडधाकट आहे.

आणि ड्रेनचं त्याच्याकडूनच करून घ्या. गॅरेजमधून न्यायचाच असेल तर फुटाला पाव इंच उतार, भोवती इन्सुलेशन आणि आत स्वतः तापमान सांभाळणारी हीट केबल. त्यापेक्षा बरं म्हणजे तो रस्ताच सोडायचा. वॉशिंग मशीनचा उभा ड्रेन कपाटापासून किती लांब आहे?

शेवगाठी | सकाळी १०.०२

भिंतीपलीकडेच. आठ फूट असेल. पण तोंड कमरेएवढं उंच आहे, पाणी चढणार कसं?

बर्फाळ_बाळू | सकाळी १०.१०

कंडेन्सेट पंप. चपलांच्या खोक्याएवढा असतो, फर्नेसशेजारी जमिनीवर ठेवायचा, पाणी भरलं की स्वतःच वर ढकलतो. बहुतेक पंप १५ फुटांपर्यंत चढवतात, तुम्हाला चार पुरे. त्याला दोन जादा बारीक वायरी असतात, त्या पुष्कळ जण गुंडाळून तशाच सोडून देतात. त्या आरच्या वायरीत मध्ये जोडून घ्या. पंप बंद पडून टाकी भरली तर फर्नेस थांबेल, जिन्याखाली तळं होणार नाही. पंपाची नळी उभ्या ड्रेनच्या तोंडात सैल सोडायची आणि क्लिपने अडकवायची. टेपने तोंड बुजवू नका, मशीनचं पाणी त्यातून उसळेल.